लाल-निळ्या काचांचा चष्मा

शेफालीला हैदराबादला नोकरी लागली. जाताना ती नवा लॅपटॉप घेऊन गेली आणि तिचा जुना मोठा कॉम्प्युटर खडकीच्या क्वार्टरमध्येच राहिला. पहिले पंधरा दिवस दीपमालानं त्याच्या टेबलावर शिवायला आलेल्या ब्लाउजपिसांच्या घड्या रचल्या. सोळाव्या दिवशी वैजनाथनं त्या उचलून पलंगावर ठेवल्या, खुर्ची ओढली आणि लेकीला फोन लावला.

"ते हेलिकॉप्टरचं काय खेळायचीस गं तू? ते कुठून सुरू होतं?"

तो खेळ असा होता. डोंगरात वसलेली लहान लहान गावं, प्रत्येक गावात सिमेंटचा एक गोल चबुतरा, आणि आपण हेलिकॉप्टरनं तिथं औषधं, टपाल, कोंबड्यांची खुराडी असं काय काय पोचवायचं. अलगद उतरलं तर गुण मिळायचे. आदळलं तर कोंबड्या कलकलाट करायच्या आणि गुण जायचे.

वैजनाथ कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला. वय एकोणपन्नास, अंबाजोगाईकडचा, बोलायला कमी. घरात तो वेंधळा म्हणून प्रसिद्ध होता. चहा ओतायला लागला की निम्मा बशीत. खालून जाताना दीपमालानं गॅलरीतून किल्ली टाकली तर ती त्याच्या हातात कधी पडायची नाही, खांद्यावर पडायची. सुईत दोरा ओवून द्या म्हटलं तर तो इतका वेळ लावायचा की तीच हातातून सुई काढून घ्यायची. "लक्ष कुठं असतं तुमचं?" हे वाक्य त्या घरात तेवीस वर्षं रोज निदान एकदा तरी बोललं गेलं होतं.

असा हा माणूस त्या खेळात मात्र वाघ निघाला. कारखान्यातून आला, हातपाय धुतले, चहा घेतला, की जेवणाआधी तासभर हेलिकॉप्टर. महिन्याभरात त्यानं शेफालीचे सगळे उच्चांक मोडले. दीपमाला आधी हसली, मग मागे उभी राहून बघायला लागली, आणि एके दिवशी म्हणाली, "सरका जरा."

तिचं हेलिकॉप्टर पहिल्याच फेरीत पाण्याच्या टाकीत गेलं. दुसऱ्या फेरीत देवळाच्या कळसावर. नंतरचे पंधरा दिवस ती रोज एकदा तरी त्या टाकीत जात राहिली. तिला वाटायचं आपण बरोबर चबुतऱ्याच्या वर आहोत, आणि असायची ती चांगली वीस हात पुढे.

"तुम्हाला कसं कळतं हो कुठं आलो ते?"

"सावली बघायची," वैजनाथ म्हणाला. "हेलिकॉप्टरकडे बघायचंच नाही. त्याची सावली पोटाखाली आली की सोडायचं. आणि चबुतरा केवढा दिसतो ते बघायचं. ताटाएवढा झाला की वेग कमी करायचा."

तिला ते जमेना. बाईच्या हाताला कात्रीचा अंदाज असा, की माप न घेता गळा कापला तरी सूतभर इकडंतिकडं व्हायचा नाही. आणि इथं एक टाकी चुकवता येईना, याचा तिला मनापासून राग आला.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं लेकीकडं गाऱ्हाणं केलं. शेफाली म्हणाली, "आई, तू थ्रीडी चष्मा घे. एक काच लाल, एक निळी. गेमच्या सेटिंगमध्ये ते चालू करता येतं, मी सांगते कसं. मग तुला खरोखर लांब-जवळ दिसेल. बुधवार पेठेत दोन-अडीचशेला मिळेल."

"काही घेऊ नको," मागून वैजनाथ म्हणाला. "थोतांड आहे ते."

हा माणूस सहसा कशाला थोतांड म्हणत नसे. फोन ठेवल्यावर दीपमालानं विचारलं, "थोतांड कसं?"

"आपण शेफालीला घेऊन सिनेमाला गेलो होतो आठवतं? समुद्राचा होता. सगळ्यांना चष्मे दिले होते. थिएटरभर लोक हात पुढं करून मासे पकडत होते. माझ्याकडं एक मासा आला नाही. नुसतं डोकं दुखलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तीनशे माणसं मासे पकडतायत, त्यात मी एकटा उठून काय बोलू? शेफालीनं विचारलं, बाबा, मासा दिसला का? म्हटलं, दिसला. पोरगी खूश झाली. सगळे तसंच म्हणतात, दीपा. तिकिटाला जास्त पैसे घेतलेले असतात. मग कोण म्हणेल दिसलं नाही?"

दीपमाला खूप वेळ हसत राहिली. "अहो, मला दिसले होते मासे. नाकासमोर आले होते."

"तू पण म्हणालीसच," वैजनाथ शांतपणे म्हणाला.

आठवडाभर हा वाद चालला. तिचं म्हणणं, दोनशे रुपयांत टाकी चुकणार असेल तर काय वाईट आहे. त्याचं म्हणणं, दोनशे रुपयांत दोन रंगांचे कागद मिळतील आणि डोकेदुखी फुकट. शेवटी असं ठरलं, की दुकानात जाऊन आधी घालून बघायचा. तिला दिसलं आणि त्यालाही दिसलं, तर घ्यायचा.

दुसऱ्या शनिवारी त्याला सुट्टी होती. दोघं स्कूटरवरून बुधवारात गेले, दगडूशेठला बाहेरूनच हात जोडले आणि शेफालीनं पाठवलेला पत्ता शोधत एका अरुंद जिन्यानं वर गेले. वायरींची भेंडोळी, जुने माउस, रिमोट यांनी भरलेल्या दुकानात साठीचे एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांचं नाव सलिलराव.

"थ्रीडी चष्मा आहे का? कॉम्प्युटरवरच्या खेळासाठी?" दीपमालानं विचारलं.

"आहे. कागदी पन्नास, प्लास्टिकचा दोनशे वीस," सलिलराव वर न बघता म्हणाले. "कागदी घेतलात तर आठ दिवसांनी प्लास्टिकचा घ्यायला याल. म्हणून दोन्ही ठेवतो."

"आधी चालवून दाखवाल का?"

"घेणार असाल तर दाखवतो. घेणार नसाल तरी दाखवतो. फक्त चेहरा असाच राहील."

त्यांनी काउंटरवरचा पडदा तिच्याकडं वळवला. पडद्यावर एक बाग होती, कडा सगळ्या लाल-निळ्या फाटल्यासारख्या. झाडाला एक रिकामा झोका. दीपमालानं चष्मा घातला. आधी काही झालं नाही. मग डोळे कुठंतरी बसले, आणि पडद्याची काच नाहीशी झाली. तिथं आता भोक होतं आणि भोकापलीकडं बाग. झोका मागं गेला, फांद्यांच्याही मागं, आणि मग तिच्याकडं आला. दीपमाला मागं सरली ती थेट वैजनाथच्या पायावर.

"अगंबाई," ती म्हणाली आणि हसायला लागली. झोका परत आला तेव्हा तिनं हात पुढं केला. हाताला काही लागलं नाही, त्याचं तिला आणखी हसू आलं. तिनं तो झोका सात-आठ वेळा पाहिला. मग चष्मा काढून नवऱ्याच्या डोळ्यांवर चढवला.

वैजनाथनं बराच वेळ पाहिलं. "छान आहे," तो म्हणाला.

तेवीस वर्षांच्या संसारात त्याचं 'छान आहे' तिला पाठ होतं. भाजीत मीठ नसलं तरी तो त्याच आवाजात छान आहे म्हणायचा.

"काय दिसतंय?"

"झोका."

"झोका येतो कुठपर्यंत?"

त्यानं पडद्याला बोट लावून दाखवलं. "इथपर्यंत."

"अहो, तो तुमच्या नाकापाशी आला होता."

वैजनाथनं चष्मा काढला. "मला घटकेत सगळं लाल दिसतंय, घटकेत निळं. आणि झोका आहे तिथंच आहे. साहेब, राग मानू नका, पण तुम्ही धंद्यासाठी म्हणता आणि ही हौसेनं म्हणते. खरं काय ते सांगा ना एकदा."

सलिलरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पहिल्यांदाच नीट निरखून त्याच्याकडं पाहिलं. मग खिशातलं पेन काढून टोपण वेगळं केलं. "हे टोपण डाव्या हातात आडवं धरा. हात लांब. आता उजव्या हातातलं पेन बाजूनं आणून त्यात घाला. एका झटक्यात, चाचपडायचं नाही."

वैजनाथचं पेन टोपणाच्या पुढून गेलं. मग मागून गेलं. तिसऱ्यांदा बोटाला शाई लागली. दीपमालानं घेतलं आणि पहिल्याच झटक्यात घातलं.

"आता बाई, आपण एक डोळा मिटा आणि घाला."

तिचंही पेन पुढून गेलं. तिनं पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. पडद्यावरच्या पाण्याच्या टाकीत जाताना जसं व्हायचं अगदी तसंच झालं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो दोन्ही डोळे उघडे ठेवून अजून प्रयत्न करत होता.

"लहानपणी डोळा तिरळा होता का आपला?" सलिलरावांनी विचारलं.

"होता. आठव्या वर्षी ऑपरेशन झालं. आता सरळ आहेत दोन्ही."

"सरळ आहेत, पण त्यांची आपसात बोलाचाल नसावी. माझ्या थोरल्या भावाचं असंच आहे." त्यांनी चष्मा परत खोक्यात ठेवला. "आज मी हा विकत नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या. चष्मा कुठं जात नाही. इथं तसंही कुणी येत नाही."

तिथूनच ते दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं वैजनाथला अक्षरं वाचायला लावली, ती त्यानं दोन्ही डोळ्यांनी घडाघडा वाचली. मग ठिपक्यांचं एक पुस्तक दाखवलं, त्यात त्याला काहीच दिसेना. दीपमालाला त्या ठिपक्यांतून एक माशी पंख उचलून बाहेर आलेली दिसत होती.

"दोन्ही डोळे उत्तम आहेत काका," डॉक्टर म्हणाली. "पण तुमचा मेंदू एका वेळी एकाचंच ऐकतो. दोघांची चित्रं एकत्र करून जी खोली दिसते, ती तुम्हाला दिसत नाही. कधीच दिसली नसणार."

"म्हणजे थ्रीडी सिनेमा दिसणार नाही."

"नाही. पण सिनेमाचं फारसं नाही हो काही. एरवीसुद्धा ती खोली दिसत नाही तुम्हाला."

वैजनाथ खुर्चीत पुढं सरकला. "म्हणजे लोकांना एरवीही तसं दिसतं? झोक्यासारखं?"

"हो."

"सगळीकडं? रस्त्यावर, घरात?"

"सगळीकडं."

त्यानं ठिपक्यांचं पुस्तक पुन्हा जवळ ओढलं. दीपमालानंच विचारलं, काही धोका, काही औषध. धोका काही नव्हता. व्यायाम असतात, पण या वयात कितपत उपयोग होईल ते डॉक्टरला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. "खरं तर काका कमाल आहेत," ती म्हणाली. "सावली बघून, वस्तू लहानमोठी दिसते त्यावरून सगळे अंदाज बांधतात. आपल्याला तसं करायला सांगितलं तर आपण दिवसभर धडपडू."

दीपमालाला तेव्हा उमगलं की हेलिकॉप्टरच्या खेळात तो का जिंकतो. सपाट पडद्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा तसं बघावं लागलं होतं, आणि तो जन्मापासून तसाच बघत आला होता.

बाहेर आल्यावर त्यानं स्कूटर काढली नाही. रस्त्याकडेच्या मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली उभा राहून तो वर बघत राहिला.

"दीपा, तुला हे झाड कसं दिसतं?"

तिनं वर पाहिलं. हे असं कुणी कधी विचारलं नव्हतं. "ही फांदी इकडं आहे, आपल्याकडं आलेली. ती मागं आहे. आणि मधे, मधे जागा आहे. रिकामी."

"पुढची मागचीला झाकते, त्यावरून मलाही कळतं कुठली मागं आहे."

"कळत नाही हो. दिसतं. त्या मधल्या जागेत हात घालावासा वाटतो."

"जागा दिसते," तो म्हणाला. त्यानं ते शब्द तोंडात घोळवले. तिला वाटलं आता याला वाईट वाटणार, आणि तिच्या मनात तेवीस वर्षांची 'लक्ष कुठं असतं तुमचं' एकामागून एक उभी राहिली. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात वैजनाथच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. आधी थोडं, मग त्याचे खांदे हलायला लागले. त्यानं खिशातून फोन काढला.

"कुणाला करताय?"

"रंगरावांना."

रंगराव त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि स्टोअरच्या क्रिकेट संघाचे एकेकाळचे कप्तान. पंधरा वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात वैजनाथच्या छातीवर आलेला झेल सुटला होता. त्यानंतर जिन्यात भेटले की रंगराव दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवायचे आणि काही न बोलता वर निघून जायचे.

"रंगराव, तो झेल आठवतो का? हो, तोच. आता ऐका. मला चेंडू जवळ येताना दिसतच नाही. जन्मापासून. डॉक्टरचा कागद आहे माझ्याकडं."

पलीकडून रंगरावांचा आवाज दीपमालालाही ऐकू आला. "एक झेल असता तर मानलं असतं. तू त्या मोसमात चार सोडलेस."

"चारही त्यातच आले."

"दिसत नव्हतं तर इतक्या जवळ उभा कशाला राहिलास?"

"तुम्हीच उभं केलं होतं."

"असं," रंगराव म्हणाले. "ये घरी. कागद बघतो."

घरी आल्यावर दीपमाला चहा कपात ओतायला पुढं झाली, तर त्यानं तिच्या हातून पातेलं घेतलं. पातेल्याचा काठ कपाच्या काठाला हळूच टेकवला आणि मग ओतला. एक थेंब सांडला नाही. "अशी युक्ती आहे माझ्याकडं," तो म्हणाला. "घाई केलीस की चुकतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"सगळे असंच ओततात असं वाटायचं."

तिनं पदरानं तोंड पुसलं, खरं तर डोळे पुसले, आणि दोघांनी चहा घेतला.

चष्म्याचा विषय तिनं मनातून काढून टाकला. जे त्याला दिसणार नाही, ते आपण एकटीनं बघत बसायचं हे तिला बरं वाटेना. ठरलंही तसंच होतं, दोघांना दिसलं तर घ्यायचा. शेफालीलाही तिनं तसं सांगितलं.

सोमवारी वैजनाथ कारखान्यातून दीड तास उशिरा आला. हातात पिशवी होती. त्यानं टेबलावर एकेक करत तीन चष्मे मांडले.

"हे काय? आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं तेव्हा मला वाटत होतं तुम्ही सगळे खोटं बोलता," तो म्हणाला. "आता खरं आहे म्हटल्यावर नको कशाला? तुझ्या डोळ्यांना येतं ते तू बघ. हा लाल-निळा तुझा."

"आणि हे दोन?"

"ते सेटिंग चालू केलं की चष्म्याशिवाय सगळं दुहेरी दिसणार. मग मी शेजारी बसून काय बघू? सलिलरावांना विचारलं. त्यांनी दोन चष्मे खोलले आणि काचा बदलून दिल्या. हा माझा, दोन्ही लाल, म्हणजे दुहेरी न दिसता एकच चित्र दिसतं. उरलेला दोन्ही निळ्यांचा. म्हणाले, हा आता मी कुणाला विकू, तोही घेऊन जा."

शेफालीनं फोनवरून सांगितलं तसं त्यांनी सेटिंग बदललं. दीपमालानं चष्मा घातला आणि खुर्चीच्या कडेला बसली. भिंतीत दरी उघडली. खाली, खूप खाली, नदी होती; मधे ढगाचा एक तुकडा तरंगत होता आणि त्याच्याखाली गावाची कौलं. ती जी टाकी तिच्या नशिबाला चिकटली होती, ती चबुतऱ्यापासून चांगली लांब, मागं, एका कोपऱ्यात बिचारी उभी होती. दीपमालानं हेलिकॉप्टर सरळ खाली नेलं आणि चबुतऱ्यावर असं ठेवलं, जसं पाळण्यात मूल ठेवावं. एक कोंबडी ओरडली नाही.

"सावली बघितलीस?" वैजनाथनं विचारलं.

"नाही. चबुतराच बघितला."

तिनं त्या संध्याकाळी चार गावं केली. अर्ध्या तासानं डोळे जड झाले, तेव्हा ती दहा मिनिटं थांबली आणि पुन्हा बसली. मग त्यानं त्याचा लाल चष्मा चढवून आपली फेरी खेळली. त्याला सगळा डोंगर जास्वंदीच्या रंगाचा दिसत होता, पण हात तोच होता. दोघांत अवघा तीन गुणांचा फरक पडला, आणि तो तिच्या बाजूचा होता. वैजनाथनं आकडा दोनदा वाचला. त्याला इतका आनंद झालेला तिनं त्याच्या स्वतःच्या उच्चांकांच्या वेळीसुद्धा पाहिला नव्हता.

गलका ऐकून रंगराव खाली आले. डॉक्टरचा कागद त्यांनी वाचला होता आणि तेव्हापासून जिन्यातली ओंजळ बंद होती. "मला पण बघू द्या," म्हणत त्यांनी टेबलावरचा जवळचा चष्मा उचलला. तो दोन्ही निळ्या काचांचा होता. दीपमाला सांगायला गेली, पण वैजनाथनं तिच्या कोपराला हात लावला.

तिनं हेलिकॉप्टर उडवलं. रंगराव डोळे ताणून बघत होते.

"कसं वाटतंय रंगराव?" वैजनाथनं विचारलं. "येतंय का अंगावर?"

"येतंय तर," रंगराव म्हणाले, आणि मान जराशी बाजूला झुकवली. "पंखा अगदी कानाजवळून गेला."

वैजनाथ उठून गॅलरीत गेला. त्याचं हसणं आत ऐकू येत होतं. दीपमालानं ओठ घट्ट मिटून हेलिकॉप्टर कसंबसं हवेत ठेवलं. थोड्या वेळानं तिनं आपला चष्मा काढला आणि रंगरावांच्या हातात दिला. "हा घालून बघा, यात जास्त स्पष्ट दिसतं."

त्यांनी तो घातला. काही क्षण ते हलले नाहीत. मग दोन्ही हात हळूच पुढं करून ते नदीकडं वाकले, इतके, की चष्मा जवळजवळ पडद्याला टेकला. "अरे," ते म्हणाले, अगदी हळू. "अरे, हे तर..." आणि त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

त्या दिवशी जेवायला नऊ वाजले. रंगरावांना पहिल्या गावाच्या चबुतऱ्यावर एकदा तरी उतरायचं होतं आणि ते काही केल्या हलत नव्हते. दीपमालानं आत कणीक मळायला घेतली. बाहेरून वैजनाथचा आवाज येत होता, शांत, न कंटाळता सांगणारा. "वेग कमी करा. आणखी कमी. आता सोडा." धाडकन आवाज झाला, कोंबड्यांचा कलकलाट झाला, आणि दोघंही पोटभर हसले. दीपमालानं एक वाटी पीठ आणखी घेतलं.